कार्डावरची काजळी

सिदराने कॉम्प्युटर-कॅबिनेटच्या पत्र्याचा शेवटचा स्क्रू काढून चहाच्या बशीत टाकला आणि पत्रा भिंतीला टेकवला. आत पंखे गरगरत होते. वर मॉनिटरवर साखरशेतच्या लग्नातली नवरी हळदीला बसली होती आणि तिच्या गालावर जांभळे चौकोन उगवत होते. आधी एक, मग दोन-चार, मग हनुवटीपासून कपाळापर्यंत सगळा चेहरा चौकोनांनी भरून गेला आणि चित्र जागच्या जागी थिजलं. गाणं मात्र चालूच राहिलं.

बाकावर नवरीचा भाऊ बुध्या बसला होता. लग्नाचा व्हिडिओ न्यायला तो सकाळच्या गाडीने जव्हारला आला होता, पेनड्राइव्ह मुठीत धरून. बराच वेळ तो बहिणीच्या त्या तोंडाकडे बघत राहिला.

"आमच्याकडं लग्नाचा चौक भिंतीवर काढतात," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही तं नवरीच्या तोंडावरच काढला, ताई."

सिदराला हसू आवरेना. त्याच्या घरच्या भिंतीवरचा तांदळाच्या पिठाचा तो चौक तिनेच शूट केला होता, काढणाऱ्या बायांच्या मागे अवघडून उभं राहून.

"व्हिडिओ चांगला आहे रे. मशीन बिघडलंय."

"मंग कधी मिळंल? शनवारी आम्ही जाऊ वसईला, कामाला. आईला त्याच्या आधी बघायचाय. शेजारच्या बाया रोज इचारतात."

"शुक्रवारी ये. नक्की देते."

बुध्याने मान हलवली, पेनड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवला आणि निघाला. शुक्रवार शब्द तोंडातून गेला खरा, पण कुठल्या भरवशावर गेला ते सिदरालाही सांगता आलं नसतं. माणसं दाराशी उभी राहिली की कारागिराच्या तोंडून वार निघतातच.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतला हा फोटो स्टुडिओ तिच्या वडिलांचा, सत्तारभाईंचा. एके काळी जव्हार आणि मोखाड्यातल्या निम्म्या लोकांचे ओळखपत्राचे फोटो सत्तारभाईंनी काढले होते. माणूस रस्त्यात भेटला तर नाव आठवायचं नाही, पण 'उजवा खांदा पडका आहे याचा' हे आठवायचं. मागच्या खोलीत डार्करूम होती. तिथे आता लग्नाच्या खुर्च्यांची कव्हरं असतात. मोबाइल आले, फोटो गेले, आणि दुकान बंद पडायच्या बेताला आलं तेव्हा सिदरा ठाण्याला जाऊन लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकून आली. तेव्हापासून दुकान तिच्या एका मशीनवर चालत होतं. घरात ती आणि अब्बा दोघंच. अम्मी, शहरबानो, दोन पावसाळ्यांपूर्वी गेली.

खरं सांगायचं तर चौकोन पहिल्यांदा दिसले तेव्हा सिदराला आनंदच झाला होता. मॉनिटरवर चित्र आणणारं नवं ग्राफिक कार्ड तिला कधीपासून हवं होतं. आता लग्नातही ड्रोन उडायला लागले होते. सूर्यमाळच्या पाड्यावरचा नवरदेवसुद्धा 'वरातीत स्लो मोशन टाका' म्हणून सांगून जायचा, आणि तिचं जुनं कार्ड तो स्लो मोशन दाखवताना स्वतःच स्लो होऊन बसायचं. पण अब्बांपुढे विषय काढला की उत्तर ठरलेलं. "चालतंय ना? मग चालू दे." चालत्या बैलाला कोण बाजार दाखवतो? म्हणून ती कार्ड बंद पडायची वाट बघत होती. आपलीच वस्तू मरावी म्हणून वाट बघणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं, तरी बघत होती.

सत्तारभाई दुपारची नमाज आटोपून आले तेव्हा मशीनचं पोट उघडं होतं आणि सिदरा टॉर्च तोंडात धरून आत बघत होती.

"नजर लागली," चप्पल काढता काढता ते म्हणाले.

"मशीनला कसली नजर, अब्बा?"

"माणसाला लागते, गाईला लागते, मशीन काय आभाळातून पडलंय? या सीझनला जव्हारात सगळ्यात जास्त लग्नं आपण केली. गल्लीत प्रत्येकाला ठाऊक आहे." ते बाकावर बसले. मग टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "जाऊ दे. नवीन घे."

सिदराने टॉर्च तोंडातून काढली.

"काय म्हणालात?"

"नवीन घे म्हटलं. चांगलं, मोठं. तू काही हौसेसाठी मागत नाहीस, मला काय कळत नाही का? जुन्याला धरून बसायचं तरी किती."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली ही गत. तिने अब्बांचं मन बदलायच्या आत पालघरच्या परागला फोन लावला. पराग कॉम्प्युटरच्या सामानाचा व्यापारी. बोलायला गोड आणि कोणतीही वस्तू मेलीय असं सांगायला सदा तयार.

"चौकोन दिसतात? मग ताई, कार्ड गेलं समजा," तो म्हणाला. "माझ्याकडे एक आहे, तुमच्या कामाला अगदी साजेसं. गुरुवारी सकाळच्या एसटीने पार्सल टाकतो. फक्त बुधवारी रात्रीपर्यंत हो म्हणा, दुसरंही गिऱ्हाईक आहे."

दुसरं गिऱ्हाईक नेहमीच असतं. तरीही तिने लगेच हो म्हटलं नाही. हाताखाली मशीन उघडं होतं आणि ठाण्याच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की भरली होती: आधी साधा रोग बघायचा, मग मोठा. तिने केबल बदलली. चौकोन तसेच. समोरच्या दुकानातून मॉनिटर उसना आणला. त्यावरही नवरीचं तोंड तसंच. मग केबल कार्डातून काढून मशीनच्या स्वतःच्या जोडणीत घातली, तेव्हा चित्र मंद पण स्वच्छ आलं. म्हणजे दोष कार्डाचाच. तिने कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या, पुन्हा बसवलं. सुरुवातीला सगळं ठीक. पण व्हिडिओ थोडा चालला की तापमानाचा आकडा भराभर चढायचा, आणि तो चढला की चौकोन यायचे. टेबलफॅन कॅबिनेटच्या तोंडाशी लावला तर चौकोन बरेच उशिरा आले.

म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं. त्याला ताप येत होता.

पण का यावा? जव्हारचा उन्हाळा काही भिवंडीसारखा नसतो, आणि धूळ तर ती महिन्याच्या महिन्याला ब्लोअरने उडवत होती. बुधवारी सकाळी तिने टेबलावर जुना पेपर पसरला, कार्ड त्यावर पालथं ठेवलं आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. पंख्यांचं झाकण काढलं.

आत ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या एकीला एक लागून असतात, त्यांच्या फटींतून वारा जातो. त्या फटीच नव्हत्या. पात्यांवर तपकिरी, चिकट थर बसला होता आणि त्याच्यात धूळ रुतून लेप झाला होता. ब्लोअरच्या वाऱ्याने तो हलणारच नव्हता. सिदराने नखाने थोडा खरवडला. नखाला डिंकासारखा लागला. तिने बोट नाकाशी नेलं.

लोबान.

क्षणभर तिला अम्मी मागे येऊन उभी आहे असंच वाटलं. गुरुवारची संध्याकाळ, ओल्या केसांवर घेतलेली ओढणी, लोबानदानीतून वर चढणारी धुराची बारीक रेघ. अम्मी दानी घेऊन दुकानभर फिरायची, गल्ल्याभोवती, कॅमेऱ्याभोवती, डार्करूमच्या दाराशी, आणि शेवटी मशीनभोवती. दुकानात बरकत राहावी म्हणून. ती गेल्यावर ते काम अब्बांनी घेतलं. एकही गुरुवार त्यांनी चुकवला नव्हता. ताप अंगात असताना, दाराबाहेर पाऊस कोसळत असताना, समोरच्या खानावळीच्या भट्टीतून निखारे मागून आणून ते लोबान घालायचे. त्या वेळी सिदरा दुकानात नसायची. मगरिबची अजान झाली की ती नमाजला आणि स्वयंपाकाला वर घरात जायची.

आणि वर जाताना मशीनला रेंडर, म्हणजे तुकडे जोडून पक्का व्हिडिओ तयार करायचं तासंतासाचं काम, लावून जायची.

ते आठवलं आणि तिने कपाळाला हात लावला. रेंडर लागलं की कार्डाचे पंखे जीव खाऊन फिरतात, समोर असेल ती हवा आत ओढतात. दर गुरुवारी, नेमक्या त्याच वेळी, अब्बा लोबानदानी मशीनपाशी नेऊन ठेवत होते आणि मशीन तो धूर छाती भरून घेत होतं. दोघांनी मिळून केलं होतं. एकाने धूर दिला, दुसरीने मशीनला श्वास घ्यायला लावलं.

पण अम्मीच्या वेळीही लोबान होताच. तेव्हा हे का नाही झालं? सिदराने कोनाड्यातला लोबानाचा डबा काढून उघडला. अम्मी असताना एक डबा पुढच्या रमजानपर्यंत सहज पुरायचा. हा डबा तिने रमजानच्या आधी भरून ठेवला होता आणि आता तळाशी फक्त मूठ-दोन मुठी खडे आणि भुगा उरला होता. अब्बा मुठीमुठीने टाकत असणार.

आता काय करायचं?

गप्प बसणं किती सोपं होतं. परागला हो म्हणायचं, जुनं कार्ड खोक्यात टाकायचं, अब्बांच्या जिवाला घोर नाही आणि आपल्याला नवं कार्ड. कुणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त नव्या कार्डाच्या पात्यांवरही गुरुवारी गुरुवारी थर चढला असता, आणि कधीतरी कुणाच्या तरी नवरीच्या गालावर पुन्हा चौकोन उगवले असते. आणि सांगायचं तर कसं सांगायचं? की अब्बा, तुम्ही अम्मीसाठी जे करता ना, त्यानेच मशीन मेलं? बायको गेल्यावर हा माणूस रडलेला तिने बघितला नव्हता. तो फक्त दर गुरुवारी निखारे मागायला जायचा. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं म्हणजे काय उरणार होतं?

मग तिला एक युक्ती सुचली. आपण बोलायचंच नाही. अब्बांनाच वास घ्यायला द्यायचा. डार्करूममध्ये उभी हयात गेलेला माणूस, एका वासात ओळखेल. ओळखलं की बाकीचं त्यांचं ते ठरवतील. सुंठीवाचून खोकला जाईल.

सत्तारभाई आले तसं तिने त्या पात्या त्यांच्या हातात दिल्या.

"अब्बा, जरा वास घेऊन सांगा, हे काय आहे?"

त्यांनी पात्या नाकाशी नेल्या. डोळे मिटून चांगला दीर्घ श्वास घेतला.

"धूळ," ते म्हणाले. "बाजाराची धूळ आहे ही. रस्त्याचं काम चाललंय ना, तीच. आणि जरा तेलकट आहे. समोरच्या खानावळीचं तेल."

"नीट बघा ना."

"बघितलं की. खानावळीचंच तेल आहे, दिवसभर तळत असतो तो."

त्यांनी पात्या परत दिल्या. सिदराला रागच आला. सगळं कळून माणूस वेड पांघरून पेडगावला निघालाय, असं तिला वाटलं. धूप इतका दरवळत होता की टेबलाच्या या टोकाला उभं राहून शेंबड्या पोरालाही सांगता आला असता. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आणलेलं स्पिरिट तिने स्टीलच्या वाटीत ओतलं, दुसऱ्या वाटीत पाणी घेतलं आणि दातांच्या जुन्या ब्रशने पात्या घासायला बसली.

घासता घासता ब्रश थांबला. वर, गॅसवर दूध ठेवलेलं! ती धावत जिन्याने वर गेली. दूध उतू जाऊन, बुडाला लागून, घरभर करपट वास भरला होता. तिने गॅस बंद केला. जिन्याने तो वास खाली दुकानातही उतरला होता. ती परत आली तेव्हा गल्लीतून जाणारी एक बाई नाकाला पदर लावून वर बघत होती. सत्तारभाई मात्र बाकावर पेपर वाचत होते, निवांत.

"काय झालं? अशी पळालीस का?" त्यांनी विचारलं.

सिदरा दारातच उभी राहिली. मागच्या महिन्यात खिचडी करपली होती, ती त्यांनी मुकाट्याने संपवली होती. तिला तेव्हा वाटलं होतं, अम्मी गेल्यापासून अब्बा किती सोशिक झालेत.

"काही नाही. दूध आटलं जरा," ती म्हणाली. मग टेबलापाशी येऊन, शक्य तितक्या साध्या आवाजात, "अब्बा, माझे हात भरलेत. या दोन वाट्यांतली स्पिरिटची कुठली, तेवढी इकडे सरकवा ना."

सत्तारभाई उठले. दोन्ही वाट्यांत पाण्यासारखंच पाणी. दुसऱ्या कुणीही वाटी उचलून नाकाशी नेली असती. त्यांनी एका वाटीत करंगळी बुडवली, बोट हवेत धरलं, थांबले. मग दुसऱ्या वाटीत बुडवली, पुन्हा धरलं. स्पिरिट उडतं तेव्हा बोट गार पडतं.

"ही घे," म्हणून त्यांनी बरोबर स्पिरिटची वाटी पुढे केली आणि पेपर उचलला.

किती सफाईने केलं त्यांनी ते. सवयीचं होतं. सिदराने मान खाली घातली आणि पात्या घासत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते, ते बरंच झालं, पुसताना अब्बांनी बघितलं असतं.

पात्या स्वच्छ झाल्या. चिपवरची सुकलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून तिने नवी लावली, झाकण बसवलं, कार्ड जागेवर घातलं आणि साखरशेतचं लग्न पहिल्यापासून लावलं. आकडा चढला, एका जागी येऊन थांबला, आणि पुढे गेलाच नाही. नवरी हळदीला बसली. बाया गायल्या. मांडवात तारपा वाजला, नाचणाऱ्यांची साखळी फिरली, आणि कुणाच्याही तोंडावर एकही चौकोन आला नाही.

अंधार पडता पडता परागचा फोन आला.

"मग ताई, टाकू ना उद्याच्या गाडीला?"

समोर नवरीचा मामा खांद्यावर नवरदेवाला घेऊन नाचत होता, थोडा अडखळत, कारण जुनं कार्ड शेवटी जुनंच.

"नको," सिदरा म्हणाली. "जुनं चालतंय."

"अहो, आज चालतंय. उद्याचं काय?"

"उद्याचं उद्या बघते."

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच वाईट वाटलं. इतक्या दिवसांनी हातात आलेलं सुख तिने स्वतःच्या तोंडाने परत पाठवलं होतं. पण नवं कार्ड आणून ते धुरात ठेवायचं, आणि धुरामागच्या माणसाकडे बघायचंच नाही, हे तिच्याने झालं नसतं.

गुरुवारी मगरिबच्या आधीच तिने बुध्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला, मशीन बंद केलं आणि त्याच्यावर एक जुना फ्लेक्स पांघरला. कुणातरी होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा तो फ्लेक्स होता. पुढारी नंतर काही झाला नाही, पण कापड मजबूत होतं. अजान झाली. वर जाऊन ती नमाज पढून आली आणि खाली येऊन आपल्या खुर्चीवर बसली.

सत्तारभाई मशिदीतून आले, खानावळीतून निखारे आणले, आणि तिला बघून दारातच घुटमळले.

"आज स्वयंपाक नाही वाटतं?"

"दुपारचं आहे."

"वर जा ना, दमली असशील."

"बसते इथेच."

लोबानदानी त्यांनी मशीनजवळच्या स्टुलावर ठेवली, डबा काढला, बिस्मिल्ला म्हणून एक खडा निखाऱ्यावर टाकला. धूर उठला. पुढे झुकून त्यांनी तो चेहऱ्यावर घेतला आणि थोडा वेळ तसेच राहिले, डोळे मिटून, कुणी लांबून हाक मारतंय का ते ऐकावं तसे. मग सरळ होऊन आणखी खडे टाकले. पुन्हा झुकले. दुकान भरून गेलं होतं. सिदराच्या घशात खवखवायला लागलं. त्यांचे डोळे चुरचुरून लाल झाले होते तरी ते पुन्हा डब्यात हात घालत होते, आणि या वेळी मूठ भरून बाहेर आली.

"बस, अब्बा."

मूठ हवेतच राहिली. सत्तारभाईंनी वळून बघितलं नाही.

"बस झालं," ती म्हणाली. "खूप येतोय वास."

बाहेर गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली. त्यांनी मूठ हळूहळू डब्यात उघडली. खडे डब्याच्या पत्र्यावर वाजले.

"कधी कळलं तुला?"

"काल. दूध करपलं तेव्हा."

ते बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते दिसत होते आणि सिदराला ते बघवेना.

"डार्करूमनं खाल्लं की काय, अल्लाला माहीत," ते म्हणाले. "हळूहळू गेलं. मलाच उशिरा समजलं. पण धंद्याच्या माणसानं असं सांगत फिरायचं नसतं. फक्त तुझ्या अम्मीला माहीत होतं. फोटो धुवायचं औषध खराब झालं की ती दारातूनच सांगायची, ओतून टाका. भाजी आंबली, ती सांगायची. शर्ट घामेजला, ती सांगायची. बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही तिनं. तुलासुद्धा."

"मला सांगायचं होतं, अब्बा."

"काय सांगणार? बापाचं नाक गेलं म्हणून?" ते जरासे हसले, मग हसू विरलं. "जुमेरातला ती दानी धरायची आणि मी लोबान टाकायचो. तुला वाटायचं तीच सगळं करते. मी टाकत जायचो आणि ती म्हणायची, बस. मग मी थांबायचो. ती गेली, आणि बस म्हणणारंच कुणी उरलं नाही. एक टाकला, काही नाही. दुसरा टाकला, काही नाही. वाटायचं, आज तरी वास येईल. थोडासा जरी आला, तर ती..."

सिदरा खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला बाकावर जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने सत्तारभाईंची नजर फ्लेक्सखालच्या मशीनवर गेली. त्यांनी काल हातात घेतलेल्या पात्या आठवल्या असाव्यात, कारण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ते तेल खानावळीचं नव्हतं ना?"

नाही म्हणणं अजूनही जमलं असतं.

"नाही अब्बा. लोबान होता. दर गुरुवारी मी रेंडर लावून जायचे, मशीन सगळा धूर आत ओढायचं. तुमचं एकट्याचं नाही, दोघांचं काम ते."

"या अल्ला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे इतके दिवस मी तुझ्याच पोटावर... मग सांगितलं का नाहीस? मी बंद केलं असतं."

"म्हणूनच."

स्टुलावर निखाऱ्यांवरचा धूर आता पातळ झाला होता. अखेर ते उठले, दानी उचलली आणि मागच्या दाराकडे, परसात नेऊन विझवायला वळले.

"कुठे चाललात?" सिदराने दानीची दुसरी बाजू धरली. कडा गरम होती, तिने ओढणीचं टोक मध्ये घेतलं. "मशीन बंद आहे. झाकलेलं आहे. गल्ला राहिला, कॅमेरा राहिला. द्या माझ्याकडे."

सत्तारभाईंनी दानी सोडली. ती गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. ते डबा घेऊन मागोमाग आले. डब्यात बोटं घालून त्यांनी भुग्यातून एक बारका खडा निवडला आणि निखाऱ्यावर सोडला. धूर वर आला, पण या वेळी ते धुरावर झुकले नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

सिदराने श्वास घेतला.

"आणखी एक," ती म्हणाली.

त्यांनी आणखी एक टाकला.

"बस."